डाव्या बाजूचा ठसा

पुणे, ३ ऑगस्ट २०२५

ती. काकांस नमस्कार.

काल फोन केला होता. तुम्ही "कोण? कोण?" म्हणत राहिलात आणि मी ओरडत राहिले. शेवटी शेजारच्या कोकिळाबाईंनी फोन घेतला. म्हणाल्या, "ताई, काकाले फोनवर काहीच समजत नाही. उजव्या कानापाशी जाऊन बोला लागते. नाही तं चिठ्ठी लिहा." म्हणून लिहिते आहे.

दीड वर्षापूर्वी आम्ही एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. राखाडी रंगाची, दोनच सीट, छप्पर मागे दुमडतं. तिची मूळ चाकं १७ इंची आहेत. कुशलला १९ इंची आवडली. त्याने चारही मागवली, टायरसकट. ती आली, पण बसवायची राहिली. हॉलमध्ये चार मोठी खोकी पडून आहेत. स्वयंपाकघरात जाताना त्यांना वळसा घालावा लागतो.

१७ ठेवावीत की १९ बसवावीत? दुकानदाराला विचारलं तर तो विकायचं बोलतो. इंटरनेटवर शंभर मतं आहेत. तुम्ही चाळीस वर्षं टायरचं काम केलंत. तुमचं एक मत मला पुरेल.

मावशीच्या वर्षश्राद्धाला यायचं मनात आहे. ती गेली तेव्हा मी सिंगापूरला होते, येता आलं नाही. ते राहून गेलं आहे. या वेळी गाडीनेच येईन म्हणते.

तुमची,
इरा

०

मलकापूर, ११ ऑगस्ट २०२५

चि. इरास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पोस्टमनने दोनदा नाव वाचून खात्री केली. या घरी पत्र येत नाही.

चाकाचं सांगतो. १७ चं टायर २०५/४५ असणार. १९ ला बहुधा २२५/३० येईल. जमिनीपासून वरपर्यंत मोजलं तर दोन्ही चाकं जवळपास सारखीच भरतात, एक-दीड मिलिमीटरचा फरक. म्हणजे स्पीडोमीटर चुकणार नाही. फरक आत आहे. लोखंड वाढलं की रबर कमी होतं. १७ ला रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंत पाच बोटं रबर असतं. १९ ला पावणेचार. खड्डा आला की मधे तेवढंच असतं. बाकी दणका रिमला, रिमचा तुझ्या कमरेला.

१९ दिसायला चांगलं. वळणावर घट्ट बसतं. ते खोटं नाही.

आता मला हे कळव. गाडी कुठल्या रस्त्याने जाते? चाक किती आत-बाहेर बसतं त्याला ऑफसेट म्हणतात, तो आकडा रिमच्या आतल्या बाजूला कोरलेला असतो, दोन्ही रिमांचा लिहून पाठव. तुझं वजन किती, आणि कुशलरावांचं किती? दोन सीटच्या हलक्या गाडीत माणसाचं वजन मोजावं लागतं. ट्रकमध्ये क्लीनर बसला काय आणि उतरला काय, सारखंच.

वर्षश्राद्ध कार्तिक वद्य पंचमीला. यंदा ९ नोव्हेंबर, रविवार आहे.

पाऊस असूनही दुकान बरं चाललं आहे. काळजी करू नये.

शालिग्रामकाका

०

पुणे, २४ ऑगस्ट २०२५

ती. काकांस नमस्कार.

मूळ रिमवर ४५ आहे, नव्यावर ४२. माझं वजन ५७. कुशलचं ६८.

रस्ता म्हणाल तर घर ते ऑफिस. रविवारी लोणावळ्यापर्यंत जातो आणि परत येतो. कुशल गाडीत बसला की बोलत नाही, त्यामुळे मला इंजिनाचा आवाज पाठ झाला आहे. रस्ते चांगले आहेत. पावसाळ्यात खड्डे पडतात, पण कुठे पडतात ते ठाऊक झालं आहे.

आणि मलकापूर. तो रस्ता मला आठवत नाही. शेवटची आले तेव्हा बसने आले होते. मावशीने स्टँडवर माझी बॅग डोक्यावर घेतली होती आणि मला लाज वाटली होती, एवढं आठवतं.

मला लवकर ठरवायचं आहे, काका. खोकी फार दिवस झाले पडून आहेत.

इरा

०

मलकापूर, २ सप्टेंबर २०२५

चि. इरास आशीर्वाद.

रस्ता लिहितो. जालन्याहून देऊळगाव राजा, पुढे चिखली, बुलढाणा. तिथून राजूर घाट उतरायचा. घाटात वळणं आहेत, तुझ्या गाडीला आवडतील. खाली आल्यावर मोताळ्यावरून सरळ. मलकापूर यायच्या आधी उजव्या हाताला कापसाची एक बंद जिनिंग मिल आहे, तिच्या भिंतीला लागून आत वळायचं. तिथून घरापर्यंत आठशे पावलं कच्चा रस्ता. बैलगाडीची चाकोरी पडली आहे. मधे दगड वर आला आहे, तो मी दोनदा काढायला गेलो, निघाला नाही.

त्या आठशे पावलांत १९ ची रिम टिकणार नाही. १७ वर येशील तर अंगणापर्यंत येशील. माझं मत १७.

तरी नुसत्या मतावर ठरवू नकोस. गाडी जमिनीवर कशी उभी राहते ते पाहू. आमची जुनी पद्धत आहे. एकेक चाक जॅकने उचलायचं, टायरच्या खालच्या भागाला बुटाचं काळं पॉलिश लावायचं, खाली जाड कागद ठेवायचा आणि जॅक हळू सोडायचा. कागदावर ठसा उमटतो. किती रबर जमिनीला टेकतं, कुठल्या चाकावर किती भार आहे, सगळं त्यात दिसतं. हवा चारही चाकांत सारखी भर. ठसे घेताना दोघं आत बसा, नेहमी बसता तसे. जॅक तिसऱ्या माणसाने सोडायचा. प्रत्येक कागदावर चाकाचं नाव लिही.

तुझी मंजुळामावशी असती तर म्हणाली असती, "पोरगी गाडी घेऊन येऊन राह्यली, अन् तुमी तिले कागद काळे कराले लावता!"

काका

०

पुणे, २१ सप्टेंबर २०२५

ती. काकांस नमस्कार.

चार ठसे सोबत आहेत. सोसायटीचा वॉचमन प्रसेनजित याने जॅक सोडला. त्याला वाटलं माझं डोकं फिरलं आहे. त्याचा हात पॉलिशने काळा झाला, तो त्याने माझ्याच टॉवेलला पुसला.

ठसे पाहून मला बरं वाटलं. का, ते सांगता येत नाही. एवढी मोठी गाडी, आणि जमिनीला टेकते ती चार तळहातांएवढी.

इरा

०

मलकापूर, २९ सप्टेंबर २०२५

चि. इरास आशीर्वाद.

ठसे नीट आले आहेत. ओट्यावर मांडून फूटपट्टीने मोजत होतो. गोपाल आला. हा माझ्या हाताखाली शिकलेला, आता चांगला कारागीर आहे. माझ्या उजव्या कानात ओरडला, "काका, गाडीची कुंडली काढून राह्यले का?"

मी म्हटलं, "हाव. मंगळ आहे तिले."

बराच वेळ हसला. मग वाकून पाहिलं, आणि हसायचा थांबला. त्यालाही दिसलं.

उजवीकडचे दोन्ही ठसे डाव्यापेक्षा लांब आहेत. पुढचा आठ मिलिमीटरने, मागचा अकराने. हवा सारखी असेल तर याचा अर्थ एकच, डाव्या सीटवर कोणी नव्हतं. कुशलराव कामात असतील. पण दोघांच्या वजनाशिवाय हिशेब पुरा होत नाही. सवडीने पुन्हा घे. घाई नाही.

कोकिळाबाई रोज विचारते, "काका, पोरगी येऊन राह्यली का नुसतेच कागद पाठवून राह्यली?" मी सांगतो, चाकं ठरली की येते.

आठशे पावलांतल्या चाकोरीत मी मुरूम टाकतो आहे. रोज चार घमेली. गुडघा जास्त करू देत नाही.

काका

०

पुणे, १२ ऑक्टोबर २०२५

ती. काकांस नमस्कार.

कुशल त्या दिवशी दौऱ्यावर होता. या वेळी दोघं बसलो. ठसे सोबत आहेत. आता उजवं-डावं सारखं यायला हवं.

मी बराच विचार केला. १९ बसवायचं ठरवते आहे. माझं रोजचं येणं-जाणं शहरात आहे. कुशलनेही खूप शोधून ती चाकं निवडली होती, प्रत्येक रिमचं वजनसुद्धा लिहून ठेवलं होतं. ती अशीच पडून राहणं बरं दिसत नाही. २५ तारखेला बसवून घेईन. जुनी चाकं दुकानदार घेऊन जाईल.

मग गाडी तुमच्या रस्त्याला चालणार नाही, हे समजलं आहे. नोव्हेंबरमध्ये ऑफिसातही बरंच आहे. येणं जमेल असं दिसत नाही. राग मानू नका. मावशीच्या फोटोला माझा नमस्कार सांगा.

इरा

०

मलकापूर, २२ ऑक्टोबर २०२५

चि. इरास आशीर्वाद.

आज पाडवा. सकाळी अंघोळ करून पाटावर बसलो. मग लक्षात आलं, ओवाळणारं कोणी नाही. उठलो आणि तुझे ठसे घेऊन बसलो.

वजन बरोबर आहे. डावीकडे सत्तरच्या आसपास भरतं. पण इरा, जॅक सोडताना माणूस हलतो. गाडी खाली जाते तसा तो हात टेकतो, पाय घट्ट धरतो. त्याने ठशाची कड पुसट होते. तुझ्या बाजूचे दोन्ही ठसे तसे आहेत. डाव्या बाजूची कड सुरीने कापल्यासारखी आहे. तिथे माणूस नव्हता. पोतं होतं, किंवा पोत्यासारखं काही.

यात मी काही विचारत नाही. मंजुळा तुझ्या बाबतीत नेहमी सांगायची, "पोरीले खोदून विचारू नका. तिले सांगायचं असंन तं सांगन." हे सुद्धा लिहिणार नव्हतो. पण तू ठसे पाठवलेस आणि मी पाहिलेच नाहीत असं दाखवणं मला जमणार नाही. ते माझं काम होतं.

माझंही ऐक. तू मत विचारलं होतंस, आणि मी सरळ मत दिलं नाही. तुझा रोजचा रस्ता शहरातला. त्यावर १९ चालतात. थोडं सांभाळून चालवावं लागतं, एवढंच. गिऱ्हाईक म्हणून आली असतीस तर मी हेच सांगितलं असतं आणि बसवून दिली असती. मी १७ लिहिलं ते माझ्या रस्त्यासाठी. आणि जिनिंगच्या भिंतीपाशी गाडी ठेवून आठशे पावलं चालत येता येतं. तेही लिहिलं नाही. मला गाडी अंगणात आलेली पाहायची होती. चाळीस वर्षांत कोणाला चुकीचा साइज दिला नाही. हे पहिल्यांदा केलं.

दुकान फेब्रुवारीत बंद केलं. कॉम्प्रेसर गोपाल घेऊन गेला. ठसे मांडले तो ओटा त्याच्या दुकानाचा. मी दुपारी तिथे जाऊन बसतो. बसू देतो.

तेव्हा १९ बसव. माझ्या मतात भेसळ होती, ते धरू नकोस. नाही आलीस तरी पंचमीला मी तुझ्या नावाचं पान मांडीन. येते आहेस असं कोकिळाबाईला सांगून बसलो आहे.

काका

०

पुणे, ३० ऑक्टोबर २०२५

ती. काकांस नमस्कार.

पंचवीस किलो तांदळाची दोन पोती होती. आणि पाण्याचा वीस लिटरचा कॅन. प्रसेनजितने पोत्यांना सीटबेल्ट लावून दिला. मी हसत होते. तांदूळ अजून तसाच आहे. एकटीला दोन वर्षं पुरेल.

कुशल मार्चपासून दुसरीकडे राहतो. भांडण असं झालं नाही. तो आपलं सामान घेऊन गेला, खोकी तेवढी ठेवून गेला. मला वाटायचं, चाकांसाठी तरी येईल. म्हणून ती हॉलमधून हलवली नाहीत. मग वाटलं, बसवली तर त्याला निदान फोटो पाठवता येईल. १९ ची खरी गोष्ट एवढी आहे.

आणि मी सिंगापूरला नव्हते. मावशी गेली त्या दिवशी मी पुण्यातच होते. कुशल आणि मी वकिलाच्या ऑफिसात बाहेरच्या बाकावर बसलो होतो तेव्हा तुमच्याकडून निरोप आला. मलकापूरला आले असते तर सगळ्यांनी विचारलं असतं, जावई कुठे आहेत. मी फोन बंद केला. दुसऱ्या दिवशी सिंगापूरला असल्याचा निरोप पाठवला. पहिल्या पत्रात तेच तुम्हाला पुन्हा लिहिलं, आणि लिहिताना हात अडला नाही.

२५ तारखेला दुकानात गेले नाही. परवा टेम्पो बोलावून चारही खोकी कुशलच्या पत्त्यावर पाठवली. हॉल मोठा झाला आहे. सवयीने अजून वळसा घालते.

गाडी १७ वर आहे. ८ तारखेला निघते. एकटी येते.

या वेळी ठसे पाठवत नाही.

इरा

०

मलकापूर, १५ नोव्हेंबर २०२५

चि. इरास अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याचा निरोप कोकिळाबाईच्या फोनवर मिळाला. तिने तो मला तीनदा ओरडून सांगितला. तिसऱ्यांदा सांगायची गरज नव्हती, पण मी थांबवलं नाही.

तू आलीस तेव्हा मी दगडापाशी उभा होतो. तू त्याला डावं घालून चाकोरीच्या कडेने गाडी काढलीस. मी हाताने दाखवायच्या आधीच. मंजुळेने पाहायला हवं होतं.

पंचमीला फोटोपुढे बसून तू बराच वेळ तिच्याशी बोललीस. मी तुझ्या उजवीकडे होतो. माझा डावा कान तुझ्याकडे होता. त्या कानाने काहीच ऐकू येत नाही. तेव्हा जे बोललीस ते तुम्हा दोघींतच राहिलं.

दुपारी घाटात नेलंस. मी आयुष्यभर अशा गाड्यांची चाकं पाहिली ती फक्त चित्रात. आमच्याकडे ट्रक, ट्रॅक्टर, जीप. आत बसल्यावर वाटलं, आपण रस्त्यावरच बसलो आहोत. आणि एक गोष्ट मला आधी सुचली नव्हती. डाव्या सीटवर बसलं की उजवा कान चालवणाऱ्याकडे येतो. तू फार मोठ्याने बोलत नव्हतीस. मला बरंच ऐकू आलं. तू म्हणालीस, "काका, घाबरला नाहीत ना?" मी "हाव" म्हणालो, ते घाबरलो या अर्थाने. तू हसलीस तेही ऐकू आलं.

१७ बरोबर आहे. घाटाच्या तिसऱ्या वळणावर पाहिलं, गाडी जागा सोडत नाही. हे मत आता सरळ आहे. पण मागच्या चाकांत हवा दोन पौंडांनी कमी ठेव. एकटीच चालवतेस, तेवढी पुरे.

धूळ बसावी म्हणून तू यायच्या आधी चार दिवस मी अंगणात पाणी मारत होतो. माती मऊ होती. तू गेल्यावर पाहिलं तर तुझ्या चाकांचे माग उमटले आहेत. तीन नीट ओळखू येतात, घाटाकडे जातानाचा त्यांत मिसळला. येतानाचा फाटकापासून तुळशीपर्यंत, त्यात डावी बाजू उथळ आहे. पुण्याला जातानाचा घराच्या ओट्याजवळून, त्यातही डावी बाजू उथळ. घाटातून परत आलो तो मधला. मी बसून बोटाने मोजला. दोन्ही बाजू सारख्या खोल आहेत.

काल कोकिळाबाई झाडू घेऊन आली. म्हणाली, "काका, अंगण झाडून देऊ का? काऊन एवढा पसारा ठेवला?"

मी म्हटलं, "तिकडून झाड. इकडचं राहू दे."

तिच्या कोंबड्या मोकळ्या असतात, सगळं उकरतात. येतानाचा माग त्यांनी संपवला. मधल्यावर मी मुरमाचं रिकामं घमेलं उपडं घातलं आहे. सगळा माग त्यात मावत नाही. जेवढा मावतो तेवढा झाकला आहे.

काका